दावणीला किती जनावरे? लहान गोठ्याचे गणित

पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या पट्ट्यात आठ-दहा संकरित गायींचे गोठे गावोगाव दिसतात. अशा गोठ्याच्या मालकाला जनावरे किती असे विचारले, तर तो बहुधा दुधावरच्या गायींचा आकडा सांगतो. आटवलेल्या गायी, गाभण कालवडी आणि कडेच्या खुंट्यांना बांधलेल्या पाड्या त्या आकड्यात येत नाहीत. वैरण मात्र त्या सगळ्यांनाच लागते. दूध उत्पादनाच्या खर्चात चारा आणि पेंडीचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के असतो, आणि म्हणून गोठ्याचा नफा-तोटा ठरवताना प्रत्येक गाय किती दूध देते याइतकेच दूध न देणारी तोंडे किती आहेत हेही पाहावे लागते.

सुमारे ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला रोज तिच्या वजनाच्या जवळपास तीन टक्के, म्हणजे १२ किलो कोरडा अंश लागतो. पाणी वजा केल्यावर चाऱ्यात जे उरते, तो हा अंश. व्यवहारात तो वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण, चार-पाच किलो कडबा आणि दुधाच्या मानाने तीन-चार किलो पेंड यांतून भागतो. रोज २० किलो हिरवी वैरण धरली तरी एका गाईला वर्षाला ७ टनांहून अधिक आणि दहा गायींना ७३ टन लागते. बारमाही पाणी असेल तर एक एकर संकरित नेपियर वर्षाला ६० टनांपर्यंत चारा देऊ शकते, त्यामुळे सव्वा एकरात कागदावर हे गणित सहज जुळते. अडचण अशी, की हा चारा बारा महिन्यांत सारखा वाटलेला नसतो. ऑगस्टमध्ये तो उरतो आणि विहिरीचे पाणी खाली गेले की एप्रिलमध्ये कापणी निम्म्यावर येते. लहान गोठ्यात जनावरांची संख्या सर्वांत तंगीच्या तीन महिन्यांवरूनच ठरवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूध कमी पडू लागले की आणखी एक गाय आणावी असा विचार पटकन येतो. त्याआधी दोन वेतांतील अंतर तपासावे. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. व्यायल्यावर गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी तिला सुमारे दोन महिने द्यावे लागतात आणि त्यानंतर ती लवकर गाभण राहिली, तर तेरा-चौदा महिन्यांत पुढचे वेत येते. व्यायच्या आधी दोन महिने तिला आटवले, तरी तेरा महिन्यांच्या चक्रातील अकरा महिने ती दुधात असते. दहा गायींच्या गोठ्यात अशा वेळी सरासरी आठ-नऊ गायी दुधावर सापडतात. हेच अंतर अठरा महिन्यांवर गेले आणि गाय बारा महिन्यांनी आटली, तर दुधावर सहा-सातच गायी राहतात. दावण तीच आणि वैरणही जवळपास तेवढीच, पण दोन गायींचे दूध नाहीसे होते. नवी गाय विकत घेऊन ही तूट भरण्यापेक्षा असलेल्या गायी वेळेवर गाभण राखणे कितीतरी स्वस्त पडते.

वेतांतील अंतर वाढण्यामागे आजारापेक्षा हुकलेला माज हे कारण अधिक वेळा आढळते. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे एक माज ध्यानात आला नाही की तीन आठवडे वाया जातात. जास्त दूध देणाऱ्या संकरित गायींत माज काही तासांचाच असतो आणि उन्हाळ्यात तो बऱ्याचदा मुका राहतो, म्हणजे गाय हंबरत नाही आणि दुसरीवर उडतही नाही. अशा वेळी पहाटे, धारा काढण्यापूर्वी, बसलेल्या गायींच्या मागची जमीन आणि शेपटीचा आतला भाग निरखून पाहावा. तिथे काचेसारखा स्वच्छ, न तुटता लोंबणारा सोट, म्हणजे चिकट स्राव, दिसला, तर ती गाय त्याच दिवशी संध्याकाळी भरवायची, असा सर्वसाधारण नियम आहे. सोट पांढुरका किंवा पिवळट असेल तर रेतन करण्याऐवजी पशुवैद्यकाला दाखवावे. रेतनाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिली, एकविसाव्या दिवशी पुन्हा लक्ष ठेवले आणि दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घेतली, तर रिकामी गाय गाभण समजून महिनोन्महिने पोसण्याची वेळ येत नाही.

गोठा नकळत फुगतो तो वासरांमुळे. दहा गायींत वेतांचे अंतर चौदा महिने धरले, तर वर्षाला साडेआठ वासरे होतात आणि त्यांत चारेक पाड्या असतात. कालवड पहिल्यांदा व्यायला चांगल्या सांभाळातही अडीच वर्षे लागतात, म्हणून जन्मलेली प्रत्येक पाडी ठेवली, तर कोणत्याही दिवशी गोठ्यात दहाच्या आसपास लहान-मोठ्या पाड्या आणि कालवडी असतात. सरासरीने एक कालवड निम्म्या गाईइतकी वैरण खाते, म्हणजे दहा गायींच्या गोठ्यावर आणखी पाच गायींचा भार पडतो. वय, वारंवार उलटणे (रेतन करूनही गाभण न राहणे) किंवा कासेचे जुनाट दुखणे यांमुळे दरवर्षी दोन गायी बदलाव्या लागतात असे मानले, तर गरज वर्षाला दोन कालवडींची असते. मरतूक धरून पाच-सहा तोंडे पुरतात. बाकीची चार-पाच केवळ आपल्या गाईची म्हणून राहिलेली असतात. ही माया मला खोटी वाटत नाही, पण ती भरल्या गव्हाणीवरच टिकते आणि अर्धपोटी वाढलेली कालवड चौथ्या वर्षापर्यंत माजावर येत नाही.

इतर अनेक देशांत उत्पादन घटलेली गाय मांसासाठी विकून कळप आटोक्यात ठेवतात. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीने ती वळू व बैलांनाही लागू झाली. त्यामुळे गोठ्यातून जनावर बाहेर जाण्याची वाट इथे अरुंद आहे, आणि ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला गिऱ्हाईकही उरलेले नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आणि माद्यांची सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेली आढळली. बाहेरची वाट अशी अरुंद असेल, तर संख्येचा निर्णय आत येण्याच्या जागी, म्हणजे रेतनाच्या वेळीच घ्यावा लागतो.

लिंगवर्गीकृत रेतमात्रा हे त्यासाठीचे आजचे सर्वांत प्रभावी साधन आहे. मादी वासराला जन्म देणाऱ्या शुक्राणूत नराच्या शुक्राणूपेक्षा सुमारे ४ टक्के अधिक डीएनए असतो. रंगद्रव्य लावून लेसरच्या प्रकाशात हा फरक ओळखता येतो आणि दोन्ही प्रकारचे शुक्राणू वेगळे करता येतात. अशा रेतमात्रेने दहांपैकी नऊ वासरे मादी होतात. गर्भधारणेचे प्रमाण साध्या रेतमात्रेपेक्षा थोडे कमी असते, म्हणून ती निरोगी कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायींना वापरणे योग्य ठरते. मात्र सगळ्याच गायींना ती भरली, तर वर्षाला सात-आठ पाड्या होतील आणि वर सांगितलेला भार दुप्पट होईल. दुधाच्या नोंदींवरून निवडलेल्या तीन-चार गायींना ती वापरावी, म्हणजे पुढची पिढी उत्तम गायींच्याच पोटी येते.

जन्मलेल्या पाड्यांतूनही निवड करावी लागते. जुळ्यांत गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली पाडी दहांपैकी नऊ वेळा वांझ निघते, कारण गर्भात दोघांचे रक्त मिसळते आणि नराच्या संप्रेरकांनी मादीची जननेंद्रिये नीट घडत नाहीत. तिची तपासणी लवकर करून घ्यावी. इतर पाड्यांची वाढ मोजायला साधा टेप पुरतो. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, की वजन किलोत मिळते. घेर ६० इंच आणि लांबी ४८ इंच असेल तर उत्तर सुमारे २६२ येते आणि संकरित कालवड पहिल्या रेतनाला योग्य होण्याचे वजन साधारण एवढेच असते. दीड वर्षाची होऊनही यापासून फार दूर असलेली कालवड नीट तपासून घ्यावी आणि ठेवायची की नाही याचा तेव्हाच विचार करावा.

बाजारातून आणलेली गाय दुधाबरोबर सांसर्गिक गर्भपात, गोचीड-ताप किंवा कासदाहही आणू शकते. तिला किमान तीन आठवडे वेगळे बांधून रक्त आणि दूध तपासून घ्यावे. घरच्या पाड्यांना सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या वयातच टोचतात. ही मुदत चुकवू नये.

संख्येचा वार्षिक आढावा घ्यायला पावसाळा संपल्यानंतरचा काळ सर्वांत सोयीचा, कारण तेव्हा कडबा आणि मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवलेला हिरवा चारा, डोळ्यांपुढे असतो. दहा गायी आणि सहा लहान जनावरे, म्हणजे तेरा गायींचा भार आहे असे समजू. मार्चपासून पावसापर्यंतच्या शंभर दिवसांत हिरव्या वैरणीऐवजी रोज गाईमागे १५ किलो मुरघास द्यायचा, तर साडेएकोणीस टन लागेल. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्ड्यात घनमीटरला ६०० किलो या हिशोबाने सोळा टनांच्या आसपास मुरघास मावतो आणि तो अकरा गायींनाच पुरतो. म्हणजे दोन गायींचा भार जास्त आहे, आणि गाभण कालवड वैरणीच्या बाबतीत जवळजवळ पूर्ण गाईइतकीच असल्याने दोन गाभण कालवडी विकल्या की हिशोब बसतो. दिवाळीच्या सुमारास अशा कालवडींना मागणी असते. त्याच कालवडी चैत्रात बाजारात नेल्या, तर परिसरातल्या प्रत्येकाची वैरण त्याच आठवड्यांत संपत आलेली असते, विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे असतात, आणि तोपर्यंत त्या कालवडींनी खड्ड्यातला मुरघासही खाल्लेला असतो.