'आता आराम करा' हा सल्ला मागे कसा पडला

निवृत्तीच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "आयुष्यभर राबलात, आता आराम करा." घरात पाय घसरून पडलेल्या सासूबाईंना सून बजावते, "तुम्ही जागचं उठू नका, मी सगळं हातात देते." दोन्ही ठिकाणी माया खरीच असते. पण म्हातारपण आणि आराम यांचं हे लग्न वैद्यकशास्त्राने गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत मोडीत काढलं आहे. ते कसकसं मोडलं, याची ही हकिकत.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. हा सल्ला मुळात डॉक्टरांचाच होता. मोडलेल्या हाडाला विश्रांती दिली की ते जुळतं, मग थकलेल्या हृदयाला आणि झिजलेल्या शरीरालाही तेच लागू, असा सरळ हिशोब होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे अंथरुणावर सक्तीने झोपवून ठेवत. आपल्याकडे तर 'उतारवय' हा काळच तोकडा होता. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षं होतं. बालमृत्यू भयंकर असल्यामुळे हा आकडा खाली ओढला गेला होता हे खरं, तरीही साठी पार करणं हा सोहळा करण्याजोगा प्रसंग होता. केंद्र सरकारी नोकर १९६२पर्यंत पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होत, नंतर अठ्ठावन्नाव्या आणि १९९८पासून साठाव्या. आज साठीला पोचलेल्या भारतीयापुढे सरासरी आणखी अठराएक वर्षं असतात. एवढी वर्षं आराम करायचा तर त्याची किंमत मोजावीच लागते.

ती किंमत पहिल्यांदा स्पष्ट दिसली लंडनमध्ये. १९३५मध्ये डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलला जोडलेल्या जुन्या अनाथ-गरिबांच्या इन्फर्मरीतले, म्हणजे आश्रयगृहाच्या दवाखान्यातले, सातशेहून अधिक रुग्ण आले. बहुतेक म्हातारे, 'बरे न होणारे' असा शिक्का बसलेले, कित्येक तर वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले. वॉरनबाईंनी प्रत्येकाला नीट तपासलं, वर्गवारी केली, वॉर्डांना उजळ रंग दिला आणि माणसांना खाटेवरून उठवायला सुरुवात केली. आधी बसवायचं, मग उभं करायचं, मग चालवायचं. त्यातली बरीच माणसं हिंडू-फिरू लागली, काही तर घरी गेली. त्यांना आजारापेक्षा खाटेनेच जास्त पांगळं केलं होतं. वार्धक्यवैद्यक ही शाखा ब्रिटनमध्ये उभी राहिली ती या कामावर.

१९४७मध्ये रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी झोपून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत पण जहाल लेख लिहिला. छातीत साठणारा कफ, पायांत होणाऱ्या गुठळ्या, पाठीला पडणाऱ्या जखमा, बद्धकोष्ठ, आखडलेले सांधे अशी एकेका अवयवाची वासलात त्यांनी मांडली. १९५२मध्ये अमेरिकेत लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचे निष्कर्ष छापले. नुसतं खुर्चीत बसवणं हेही तेव्हा धाडस होतं. तीन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला आणि त्यांचे सल्लागार डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू चालतं-फिरतं करून पुन्हा कामाला लावलं. आयझेनहॉवर पुढच्या वर्षी निवडणूक जिंकले. साऱ्या जगाने हे वर्तमानपत्रांतून वाचलं. शोधनिबंधांनी जे साधलं नसतं, ते या एका रुग्णाने साधलं.

इथवरची गोष्ट 'झोपून राहू नका' एवढीच होती. 'हालचाल करा' हे पुराव्यानिशी सांगितलं ब्रिटिश संशोधक डॉ. जेरी मॉरिस यांनी, १९५३मध्ये, आणि त्यासाठी त्यांनी निवडले लंडनच्या बसगाड्यांवरचे कर्मचारी. डबलडेकरचा चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे. त्याच गाडीचा कंडक्टर दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. बेस्टच्या जुन्या डबलडेकरमधल्या त्या वळणाच्या, हेलकावणाऱ्या जिन्यावर तिकीट-तिकीट करत चढणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे काम म्हणजे काय ते सांगायला नको. पगार, वस्ती, राहणीमान दोघांचं साधारण सारखंच, तरी कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि त्यातून मृत्यू तर बरेच कमी. लगेच शंका निघाली की जाडे लोकच चालक होत असतील. मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापं मिळवली आणि १९५६मध्ये ती छापली. चालकांची कंबर मोठी होती हे खरं निघालं, पण कंबर कोणतीही असो, कंडक्टरांची बाजू सरसच राहिली. असा साधा, जवळजवळ शिंप्याच्या वहीतून काढलेला पुरावा मला आजच्या ॲपांवरच्या आलेखांपेक्षा जास्त पटतो. स्वतः मॉरिस २००९मध्ये गेले, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी.

आपल्याकडे व्यायामाची परंपरा जुनी, पण तालीम ही पोरांची जागा. संसाराला लागला की माणूस आखाड्याकडे फिरकत नसे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हा ठसठशीत अपवाद. सूर्यनमस्कार त्यांनी संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले आणि स्वतः उतारवयातही सोडले नाहीत. १९३८मध्ये त्यांचं याविषयीचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं, तेव्हा ते सत्तरीला आलेले होते.

मग आला डॅलसचा प्रयोग. १९६६मध्ये वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची दमछाक सोसण्याची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपेपेक्षा कमी निघालं! सहा महिन्यांच्या बेताच्या व्यायामाने ते भरूनही आलं. पडल्यावर 'महिनाभर पडून राहा' असं म्हाताऱ्या माणसाला सांगणं किती महागात पडतं, याचा अंदाज यावरून यावा.

तरीही १९९०पर्यंत एक समज शाबूत होता : चालणं ठीक, पण म्हाताऱ्यांनी वजनं उचलायची नाहीत. तो मोडला डॉ. मारिया फिआतारोनी यांनी, बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात. दहा जण, सरासरी वय नव्वद. खुर्चीत बसून मांडीच्या पुढच्या स्नायूंनी वजन उचलायचं, ते वजन जमेल तसं वाढवत न्यायचं, आठवडे आठ. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. १९९४मध्ये याच चमूने शंभर जणांवर प्रयोग केला आणि त्यात काहींना व्यायामाऐवजी नुसतं पोषक पेय दिलं. त्याने ताकदीत फरक पडला नाही. औषधाच्या दुकानात बाबांसाठी प्रोटीनचा डबा घेणाऱ्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. प्रथिनं लागतातच, पण स्नायूला काम दिल्याशिवाय ती कुठे वापरायची हे शरीराला कळत नाही.

रोज दहा हजार पावलं चालण्याच्या सल्ल्याचं मात्र वेगळं आहे. तो आकडा दवाखान्यातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पाठोपाठ १९६५मध्ये एका जपानी कंपनीने 'मानपो-केई' नावाचं कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. संशोधिका आय-मिन ली यांनी सरासरी बहात्तर वर्षांच्या सुमारे सतरा हजार अमेरिकी स्त्रियांची पावलं मोजून २०१९मध्ये दाखवलं, की साधारण चार हजार चारशे पावलांनाही दोन हजार सातशेच्या तुलनेत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी असतं आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा स्थिरावतो. रात्री अकराला आकडा पुरा करण्यासाठी दिवाणखान्यात येरझारा घालणाऱ्या काकांनी झोपायला हरकत नाही.

आपल्या घरांशी थेट भिडणारा अभ्यास रिओ दी जानेरोचा आहे. डॉ. क्लाउदियो जिल अराउजो यांनी एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या दोन हजार दोन जणांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. दहा गुण. हात टेकला, गुडघा टेकला, की प्रत्येक टेक्याला एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. शून्य ते तीन गुणवाल्यांचं पुढच्या सहाएक वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाचपटीहून अधिक निघालं. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढतं असं यातून सिद्ध होत नाही, आणि गुडघ्यांची वाटी झिजलेल्यांनी हट्टाने मांडी घालू नये. पण पाटावरची पंगत, जमिनीवरचं निवडण-टिपण, उकिडवं बसून केलेली झाडलोट ही सगळी उठबस एका पिढीत घराबाहेर गेली. डायनिंग टेबल, ओटा आणि कमोड यांनी गुडघ्यांची सोय पाहिली. मांड्यांचं रोजचं काम मात्र गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारा व्यायाम. आपल्याकडे ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून आहे. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४मध्ये आली, तिच्यात पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. साधनं हवीतच. पण बॉस्टनच्या त्या नव्वदीतल्या मंडळींसमोर व्यायामाच्या वेळी एक माणूस उभा होता, वजन कधी वाढवायचं आणि कधी थांबायचं ते सांगणारा. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात आठवड्यातून तीनदा असा फिजिओथेरपिस्ट येईल, याची तरतूद मात्र या योजनेच्या साधनांच्या यादीत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अजून बहुधा 'रोज चाला' एवढंच असतं.