समन्स ई-मेलवर: बजावणी झाली, असे कधी धरायचे?

दाव्यातला पत्ता गिरगावातल्या चाळीचा, चाळ पाडलेली, भाडेकरू संक्रमण शिबिरात. मुंबईत बेलिफाच्या, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, कितीतरी फेऱ्या अशा वाया जातात. 'पत्त्यावर मिळून आले नाहीत' असा शेरा घेऊन समन्स परत येते आणि दाव्याला पुढची तारीख पडते. ई-मेलने केलेली बजावणी चालते का, या प्रश्नाचे मूळ संगणकापेक्षा या शेऱ्यात जास्त आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स हातात देणे हाच पहिला मार्ग. माणूस सापडला नाही किंवा त्याने घ्यायला नकार दिला, तर ते दारावर डकवायचे. तेही जमले नाही तर कोर्टाच्या हुकमाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. टपालाचा नियम त्याहून जुना. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ म्हणते की पत्ता बरोबर असेल, पैसे भरलेले असतील आणि पत्र रजिस्टर केलेले असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचले असेच धरायचे. म्हणजे पाकीट फोडून वाचले की नाही, हे कायद्याने तेव्हाही विचारले नव्हते. ई-मेलच्या वादात हे सोयीस्करपणे विसरले जाते.

१७ ऑक्टोबर २००० ला माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला मान्यता मिळाली. त्यातले कलम १३ मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तुम्ही स्वतः एखादा ई-मेल पत्ता ठरवून दिला असेल, तर मेल तिथे शिरताच तो मिळाला असे मानतात. तो सोडून भलत्याच पत्त्यावर मेल पाठवला, तर तुम्ही तो उघडून घेतल्यावरच मिळाला म्हणायचा. त्यामुळे खरे भांडण 'ई-मेल चालतो का' हे नसून 'कोणता ई-मेल' हे असते. कंपनीच्या नोंदणीत दिलेला पत्ता आणि दहा वर्षांपूर्वीच्या व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता सारखे नाहीत.

दिवाणी प्रक्रिया संहितेत ई-मेल आला १ जुलै २००२ ला, तोही हायकोर्टांनी नियम करावेत या अटीवर. प्राप्तिकर खात्याने १ ऑक्टोबर २००९ पासून तो मार्ग धरला. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने व्यापारी दाव्यांत नेहमीच्या बजावणीच्या जोडीने ई-मेलला वाट करून दिली.

मुंबईने मात्र एक पाऊल पुढे टाकले. २०१७ मध्ये कॉपीराइटच्या एका दाव्यात न्या. गौतम पटेल यांनी ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरची नोटीस मान्य केली. जून २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे प्रकरण त्यांच्यासमोर आले. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांवरून नोटिशीची पीडीएफ नुसती पोचलीच नाही, तर उघडलीही गेली हे दिसते, असे त्यांनी नोंदवले. पाकीट फोडल्याचा असा पुरावा रजिस्टर्ड ए.डी.च्या गुलाबी पोचपावतीने कधी दिला नव्हता!

करोनाकाळात, १० जुलै २०२० ला, सुप्रीम कोर्टाने ई-मेल आणि फॅक्सबरोबर व्हॉट्सॲपलाही परवानगी दिली. मात्र व्हॉट्सॲपवर पाठवाल तर त्याच दिवशी ई-मेलही करा, ही अट घातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत फौजदारी समन्सही इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येते.

पण २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना थांबवले. याच नव्या संहितेतली, पोलिसांपुढे हजर राहण्याची कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲप किंवा तत्सम मार्गाने नको, कारण ती न पाळल्यास अटक होऊ शकते.

दिवाणी दाव्यांतले वकील तर आजही बेताने वागतात. ई-मेल करतात, त्याचा स्क्रीनशॉट प्रतिज्ञापत्राला जोडतात आणि एक प्रत टपालानेही पाठवतात. फरक इतकाच की २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले.