सिलुएतासो

आर्जेंटिनातील लष्करी राजवटीने (१९७६–८३) बेपत्ता केलेल्या माणसांच्या पुरुषभर उंचीच्या, आतून कोऱ्या बाह्याकृती कागदावर काढून भिंतींवर डकवण्याची सामूहिक कलाकृती. ‘सिलुएता’ (छायाकृती) या स्पॅनिश शब्दाला उठावाचा अर्थ सुचवणारा ‘आसो’ हा प्रत्यय लागून हे नाव झाले. कोर्दोबा शहरातील १९६९ च्या ‘कोर्दोबासो’ या उठावाच्या नावाची घडण अशीच आहे. २१ सप्टेंबर १९८३ रोजी ब्वेनस आइरिसच्या प्लासा दे मायो चौकात, बेपत्तांच्या मातांच्या मोर्च्यात ती प्रथम साकारली. रोदोल्फो आगेरेबेरी, हुलिओ फ्लोरेस व गियेर्मो केक्सेल हे तिचे योजक.

कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. योजकांनी स्वतः पोलिश कलावंत येझी स्कॉम्प्स्की यांच्या, आउश्विट्झ या नाझी छळछावणीविषयीच्या भित्तिपत्रकाचा निर्देश केला आहे. हे चित्र १९७८ मध्ये युनेस्कोच्या मासिकात छापले गेले. त्यात छावणीतील रोजच्या मृत्यूंइतक्या, म्हणजे २,३७० मानवाकृती होत्या आणि छावणी जितके दिवस चालली तितक्या, १,६८८ प्रती काढल्या होत्या. गुणाकार चाळीस लाखांवर जातो. हा आकडा आता मान्य नाही, इतिहासकार सु. अकरा लाख मृत्यू धरतात. दुसऱ्या मतानुसार, पॅरिसमध्ये १९७९ च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘आयदा’ या कलावंत-संरक्षण संघटनेचे मोर्च्यांतील फलक हा जवळचा आदर्श होय. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. संख्येला जागेत मोजण्याची युक्ती त्या चित्रात आहेच. बेपत्तांची संख्या सु. ३०,००० मानून तितक्याच आकृती काढण्याचा मूळ संकल्पही तिच्याशी जुळतो. (१९८४ च्या अधिकृत आयोगाने ८,९६१ जणांची नोंद केली.)

मातांचा आग्रह असा, की आकृती जमिनीवर नकोत. आडवी आकृती म्हणजे प्रेत, आणि त्यांची मागणी तर ‘जिवंत परत द्या’ अशी. म्हणून सर्व आकृती उभ्या लावल्या. मोर्चेकरी कागदावर आडवे होत आणि दुसरे कोणी त्यांच्याभोवती रेघ ओढी; बेपत्ताची जागा अशी जिवंत देहाने भरली जाई. गरोदर स्त्रियांच्या आणि तान्ह्या मुलांच्या आकृतीही काढल्या गेल्या. आकृती निनावी असाव्यात असे ठरले होते, पण लोकांनी जागीच त्यांवर नावे व तारखा लिहिल्या.

डिसेंबर १९८३ व मार्च १९८४ मध्ये प्रयोगाची पुनरावृत्ती झाली. चिलीत १९८८ मध्ये स्त्रियांच्या एका गटाने सान्तियागोच्या रस्त्यांवर बळींच्या नावांनिशी अशाच छायाकृती उभ्या केल्या.