एकाच चाकोरीत: ऑस्ट्रेलियातल्या रोड ट्रेनची पार्श्वभूमी

एका ट्रकमागे तीन ट्रेलर, एकूण लांबी ५३.५ मीटरपर्यंत. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात, म्हणजे आउटबॅकमध्ये, धावणाऱ्या या गाडीला रोड ट्रेन म्हणतात. तिचा इतिहास बहुधा १९३४ पासून सांगितला जातो. माझ्या मते तो उंटांपासून सांगायला हवा.

१८६० साली बर्क आणि विल्स यांच्या, ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करण्याच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट मेलबर्नला गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. १८६६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातले व्यापारी थॉमस एल्डर यांनी शंभराहून अधिक उंट आणवले, सोबत उंटवाले. या साऱ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. दक्षिणेतल्या अॅडलेडपासून उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनपर्यंतच्या तारमार्गाचं सामान वाहण्यात त्यांचे तांडे होते. दक्षिणेकडून आलेली रेल्वे १९२९ मध्ये देशाच्या मधोमध असलेल्या अॅलिस स्प्रिंग्जला पोचली आणि तिथेच थांबली. डार्विन तिथून दीड हजार किलोमीटर लांब. डार्विनकडून आलेले रूळ बर्डमपर्यंतच होते, मधल्या सुमारे हजार किलोमीटरवर रूळच नव्हते.

१९३४ मध्ये सरकारने त्या भागासाठी ब्रिटिश बनावटीचा आठ चाकी एईसी ट्रक आणला, मागे दोन ट्रेलर. लांब गाडी वळताना मागचे ट्रेलर आतल्या बाजूला ओढले जातात. वाळूत किंवा झाडीतल्या अरुंद वाटेवर तेवढ्यानेही गाडी अडकते. म्हणून या ट्रेलरची चाकंही वळत आणि पुढच्या चाकोरीतूनच चालत. गाडी संथ होती, पण मोठा पेच तिने सोडवला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अॅलिस स्प्रिंग्ज ते डार्विन रस्ता पक्का झाला आणि युद्ध संपल्यावर लष्कराची वाहनं विक्रीला निघाली. तिथले वाहतूकदार कर्ट जोहान्सन यांनी रणगाडे वाहणारा डायमंड टी ट्रक घेतला आणि स्वतः बनवलेले, चाकोरी न सोडणारे ट्रेलर त्याला जोडले. तोवर गुरं आठवडेच्या आठवडे हाकत न्यावी लागत. वाटेत ती रोडावत आणि भावही पडे. आता तीच गुरं ट्रेलरमधून जाऊ लागली. सरकारी ट्रक एकटाच राहिला, पण जोहान्सन यांच्या गाडीने धंदा उभा केला. त्यामुळे खरं श्रेय मी त्यांनाच देईन. ती गाडी, ‘बर्था’, अॅलिस स्प्रिंग्जच्या संग्रहालयात आहे.

साठच्या दशकात केंद्र सरकारने गुरांच्या वाहतुकीसाठी खास रस्ते बांधायला पैसा दिला. २००४ मध्ये रेल्वे अखेर डार्विनला पोचली. पण बहुतेक कुरणं आणि खाणी रुळांपासून लांब आहेत, तिथे आजही रोड ट्रेनच जाते.