डायनो ट्यूनिंग आणि रस्त्यावरचे ट्यूनिंग (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या इंजिनात हवा-पेट्रोलचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ गाडीच्या कामाला जुळवून घेणे म्हणजे ट्यूनिंग. विदर्भातल्या गावोगावचे मिस्त्री याला सरळ ‘सेटिंग’ म्हणतात. ते दोन रीतींनी होते : गाडी जागेवर बांधून मागचे चाक रोलरवर फिरवणाऱ्या डायनोवर, किंवा खऱ्या रस्त्यावर गाडी चालवून. इंजिनाची जास्तीत जास्त ताकद मोजायला डायनोला तोड नाही. पण जी गाडी बारा महिने अर्ध्या रेसवर, डबलसीट आणि वर ढेपेचे पोते घेऊन चालते, तिचा निकाल रस्त्यावरच लागतो.

डायनो मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकात वजनदार ड्रम असतो. मागच्या चाकाने तो किती वेळात किती वेगाला नेला, यावरून टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) आणि हॉर्सपॉवर काढतात. दुसऱ्यात एडी करंटचा (चुंबकीय) ब्रेक रोलरला हवा तेवढा रोध देतो, त्यामुळे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर हवा तेवढा वेळ धरून ठेवता येते. नुसत्या ड्रमवर फुल रेसची धाव उत्तम मोजली जाते, पण अर्ध्या रेसवर ठरावीक फेऱ्यांना इंजिन धरता येत नाही. सायलेन्सरमध्ये लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बसवला की मिश्रणही दिसते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर सर्वाधिक ताकद साधारण १२.५ ते १३ पट हवेवर मिळते. कार्बोरेटरमधला एक जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलून लगेच दुसरी धाव घेतली तर अर्ध्या हॉर्सपॉवरचा फरकही कागदावर उतरतो. रस्त्यावर तो वाऱ्यात हरवून जातो, कारण १०० सीसीच्या गाडीची एकूण ताकदच ८ हॉर्सपॉवरच्या आसपास असते.

डायनोचा आकडा मात्र जपून वाचावा. तो चाकावरचा असतो, म्हणून गिअर, चेन आणि टायरमधली घट वजा होऊन कंपनीच्या आकड्यापेक्षा कमीच येतो. शिवाय तो प्रमाण हवामानाला जुळवून छापतात. मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे१३४९ या मानकात ते २५ अंश सेल्सिअस आणि ९९० मिलिबार कोरडी हवा असे आहे. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ वर असताना मोजलेली गाडी त्यामुळे कागदावर प्रत्यक्षापेक्षा जास्त ताकदीची दिसते. दुरुस्ती आकड्याची होते, कार्बोरेटरमधल्या मिश्रणाची नव्हे. पंख्याचा वाराही धावत्या गाडीला लागणाऱ्या वाऱ्याइतका क्वचितच असतो. एअर-कूल्ड इंजिन लागोपाठच्या धावांत तापते आणि आकडे घसरू लागतात.

विदर्भात हवामानाचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश धरले, तर त्याच दाबाची हवा उन्हाळ्यात सुमारे ११ टक्के विरळ होते. साध्या कार्बोरेटरला हे कळत नाही. जेटमधून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होते. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून मिश्रण लीन (पेट्रोल कमी) झाले असावे, असा समज आहे, पण घडते उलट. त्या दिवसांतले इंजिनाचे ठोके (नॉकिंग) बहुधा गरम हवेमुळे येतात, पेट्रोल कमी पडल्यामुळे नव्हे. मेमध्ये नेमकी बसवलेली सेटिंग डिसेंबरात लीन होते. त्यात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल असेल तर ती आणखी लीन, कारण अशा इंधनाला पूर्ण जळायला सुमारे १३.५ पटच हवा लागते आणि जुना जेट नुसत्या पेट्रोलसाठी निवडलेला असतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतानाही मिश्रण रिच होते : वर, सुमारे १,१०० मीटरवर, हवेचा दाब खालच्यापेक्षा ८ टक्क्यांच्या आसपास कमी असतो.

रस्त्यावरचे ट्यूनिंग म्हणजे कान आणि अंदाज, असे मानणे या कामावर अन्याय आहे. नीट केले तर तेही मोजमापच आहे. दर्यापूर-अकोटकडे पूर्णेच्या खोऱ्यात सपाट, सरळ पट्टे मिळतात. काळ्या मातीमुळे खचलेला भाग टाळून वर्दळ नसलेला एक पट्टा ठरवावा. अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण रेसच्या रेघा माराव्यात, आणि शेजारच्या स्थिर भागावर एक खूण करावी. कारण कार्बोरेटरमध्ये पाव रेसपर्यंत पायलट (छोटा) जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊण सुई आणि तिची उंची ठरवणारी क्लिप, त्यापुढे मेन (मोठा) जेट, अशी कामाची वाटणी असते. अर्ध्या रेसवर गाडी मिसिंग मारत असेल तर मेन जेट बदलून हाती काही लागत नाही. एका वेळी एकच बदल करावा. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ५० किमी वेग गाठायला लागणारी वेळ जाताना आणि येताना दोन्हीकडून घ्यावी, म्हणजे वारा वजा होतो. वजन रोजचेच ठेवावे. पाहायची ती रेस काही वेळ धरून, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचे आणि प्लग काढायचा. फिकट तपकिरी टोक ठीक, कोरडी काजळी म्हणजे रिच, पांढरेफटक म्हणजे लीन. हल्लीच्या शिसेविरहित पेट्रोलने रंग फिका आणि उशिरा येतो, म्हणून नवा प्लग घालून पाहणे बरे. समृद्धी महामार्ग सरळ असला तरी दुचाकीला तिथे बंदी आहे. आणि पूर्ण रेसची चाचणी कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर जोखमीचीच. ते काम डायनोवर करणेच शहाणपणाचे, त्यासाठी शहर गाठावे लागले तरी.

दोन्ही सोयी हाताशी असतील तर आधी डायनोवर मेन जेट ठरवावा, मग सुई आणि एअर स्क्रू रस्त्यावर जुळवावेत. उलट क्रमाने गेल्यास काम दोनदा करावे लागते, कारण मेन जेटचा परिणाम पाऊण रेसच्या खालीही थोडा झिरपतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे मानक आल्यावर नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. अर्ध्या रेसवर ऑक्सिजन सेन्सर मिश्रण स्वतःच सुधारत राहतो, म्हणून तिथे मिस्त्रीला फारसे काही उरत नाही. फुल रेसवर इंजिन ईसीयूमधल्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकातल्या) तक्त्यावर चालते. तो बदलायचा तर डायनोच हवा, आणि असा बदल मोटार वाहन कायद्याच्या (गाडीतल्या फेरबदलांविषयीच्या) कलम ५२ च्या मर्यादेत बसतो का, हेही आधी तपासावे लागते.