मॉडस्ली, सन्स अँड फील्ड

लंडनच्या लॅम्बेथ भागातील एका कुटुंबाचा यंत्रकारखाना. जहाजांसाठी वाफेची इंजिने बांधणाऱ्या सुरुवातीच्या कारखान्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे. हेन्री मॉडस्ली (१७७१–१८३१) यांनी १७९७ मध्ये एका लहानशा जागेत त्याची सुरुवात केली. पुढे त्यांचे मुलगे, नातू आणि भागीदार जोशुआ फील्ड (१७८६–१८६३) यांनी तो चालवला. १९०० च्या सुमारास तो बंद झाला. तिथली इंजिने त्या काळी थक्क करणारी होती, पण ती ज्या अचूक कामावर उभी राहिली, ते कामच या घराण्याची खरी कमाई.

हेन्री मूळचे वुलिचचे. बाराव्या वर्षी ते तिथल्या शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामाला लागले. मग सुतारकामाच्या खात्यातून लोहारकामाच्या खात्यात गेले. अठराव्या वर्षी जोसेफ ब्रामा या प्रसिद्ध कुलूपकाराने त्यांना बोलावून घेतले. ब्रामांच्या कुलपाचे भाग इतके नाजूक होते की हाताने ते एकसारखे बनत नसत. हेन्रींनी त्यासाठी यंत्रेच तयार केली. आठवड्याला ३० शिलिंग पगारात वाढता संसार भागेना, म्हणून त्यांनी वाढ मागितली. ती नाकारली गेली आणि त्यांनी वेल्स स्ट्रीटवर स्वतःचे काम सुरू केले.

त्या काळी लेथवर काम करणारा कारागीर हत्यार हातात धरून फिरत्या धातूवर टेकवी. हात थोडा हलला की माप चुकले. हेन्रींनी हत्यार घट्ट पकडणारा आणि स्क्रूच्या साहाय्याने सरकणारा आधार लेथवर बसवला व १८०० च्या आसपास आटे पाडण्याचा भक्कम लोखंडी लेथ घडवला. याचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती लक्षात घ्यावी लागते. प्रत्येक नट त्याच्याच बोल्टला बसे. यंत्र उघडताना जोड्यांवर खुणा केल्या नाहीत, तर पुन्हा जुळणी करताना कारागिराचा जीव मेटाकुटीला येई. आट्यांची मापे ठरवून देण्याची शिस्त हेन्रींनी आपल्या कारखान्यात लावली. बंदरापासून शेकडो मैल दूर समुद्रात इंजिन उघडण्याची वेळ येते, तेव्हा ही शिस्त केवढी मोलाची ठरते!

कारखान्यातला दुसरा कटाक्ष सपाटपणाचा. कारागिरांच्या बाकांवर अत्यंत सपाट पोलादी किंवा बिडाचे पाट ठेवलेले असत. पाटावर रंगाचा पातळ हात द्यायचा, घडवलेला भाग त्यावर घासायचा आणि जिथे रंग लागेल तो उंचवटा खरवडून काढायचा. रंग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हे चालू. वाफेचे दार उघडझाप करणारी सरकती झडप अशी सपाट नसेल तर वाफ फटीतून निसटते, कोळसा वाया जातो. मापाचा वाद मिटवण्यासाठी हेन्रींनी १८०५ च्या सुमारास बनवलेला मायक्रोमीटर इंचाचा दहा हजारावा भाग दाखवी. त्याला कारखान्यात ‘लॉर्ड चान्सलर’ (इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेचा प्रमुख) म्हणत, कारण त्याच्या निवाड्यावर अपील नव्हते.

कारखान्याला नाव मिळवून दिले ते अभियंता मार्क ब्रुनेल यांच्या कप्प्यांनी. शिडाच्या जहाजांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या बनवणारी ब्रुनेल यांची यंत्रे हेन्रींनी पोर्ट्समथच्या गोदीसाठी घडवली. त्यांवर दहा अकुशल माणसे ११० कारागिरांचे काम करू लागली. १८०८ मध्ये १,३०,००० कप्प्या निघाल्या. जागा अपुरी पडू लागली, म्हणून १८१० मध्ये कारखाना वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर हलला. आज तिथे लॅम्बेथ नॉर्थ हे भुयारी रेल्वेचे स्थानक आहे.

जहाजाच्या इंजिनाची सुरुवात १८१५ मध्ये झाली. टेम्सवरच्या ‘रिचमंड’ या बोटीसाठी १७ अश्वशक्तीचे इंजिन बनले. जमिनीवरच्या इंजिनात डोक्यावर डोलणारी अवजड तुळई असे. तीच जहाजात बसवली तर वजन वर जाऊन जहाज कलंडण्याची भीती, म्हणून तुळई दोन भागांत सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना, अगदी तळाशी आणली गेली. ही रचना मॉडस्लींचा शोध नव्हती, पण मोठ्या आकारात विश्वासाने चालणारी इंजिने त्यांनी घडवली. ‘एंटरप्राइझ’ हे जहाज १८२५ मध्ये त्यांचीच इंजिने घेऊन इंग्लंडहून निघाले आणि काही अंतर वाफेवर, काही शिडांवर काटत ११३ दिवसांनी कलकत्त्याला पोचले. त्यानंतर ‘डी’ या युद्धनौकेसाठी बनवलेले ४०० अश्वशक्तीचे इंजिन त्या वेळी जगातले सर्वांत मोठे सागरी इंजिन होते.

हेन्रींच्या पश्चात टॉमस हेन्री आणि जोसेफ या मुलांनी फील्ड यांच्यासह धुरा उचलली. जोसेफ यांनी १८२७ मध्ये झुलत्या सिलिंडरच्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. यात सिलिंडरच पाळण्यासारखा हलतो आणि दट्ट्याचा दांडा थेट क्रँकला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या वाकड्या दांड्याला, जोडलेला असतो. मधला जोडदांडा वाचतो, जागाही वाचते. अटलांटिक ओलांडण्यासाठी बांधलेल्या ‘ग्रेट वेस्टर्न’ या जहाजाची ७५० अश्वशक्तीची इंजिने मात्र जुन्या, तळातल्या तुळयांच्याच धाटणीची होती. मार्च १८३८ मध्ये लंडनहून ब्रिस्टॉलला येताना जहाजाच्या बॉयलरजवळ आग लागली. जहाजाचे अभियंता, मार्क यांचे चिरंजीव इझाम्बार्ड ब्रुनेल जळलेल्या शिडीवरून पडून जखमी झाले. इंजिने शाबूत राहिली. एप्रिलमध्ये जहाजाने १५ दिवसांत न्यूयॉर्क गाठले, तेव्हा भट्टीजवळ सुमारे २०० टन कोळसा शिल्लक होता. अटलांटिक ओलांडण्यापुरता कोळसा जहाजात मावणारच नाही, ही शंका त्या शिल्लक ढिगाने मिटवली. पुढे १८४५ मध्ये जोर अजमावण्याच्या चाचणीत ‘रॅटलर’ या मळसूत्री पंख्याच्या नौकेने बाजूच्या वल्हेचाकांवर चालणाऱ्या ‘अलेक्टो’ला उलट्या दिशेने ओढत नेले, तेव्हा ‘रॅटलर’मध्येही मॉडस्लींचेच इंजिन होते.

घराण्याचा वारसा रक्ताच्या नात्यापुरता राहिला नाही. रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ क्लेमंट, जोसेफ व्हिटवर्थ आणि जेम्स नॅस्मिथ याच कारखान्यात तयार झाले. इंग्लंडमधल्या एकाच वास्तूतून इतके यंत्रकार निघाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. व्हिटवर्थ यांनी आट्यांची मापे कारखान्याबाहेर साऱ्या देशाला लावली, तो धडा लॅम्बेथमधलाच.

शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील क्लाइड आणि उत्तर इंग्लंडमधील टाइन या नद्यांकाठच्या कारखान्यांना कोळसा व लोखंड जवळ मिळे. लंडनमधले काम महाग पडू लागले. ग्रिनिचला जहाजबांधणी करून पाहिली गेली. तिथेच बांधलेले १८७० मधील ‘ब्लॅकअॅडर’ हे शिडाचे जहाज पहिल्याच सफरीत डोलकाठ्या गमावून बसले. शेवटच्या दशकात कारखान्याने वॉल्टर बॅसेट यांच्या नेतृत्वाखाली उत्सवी चक्रपाळणे उभारले. ते आखणाऱ्यांत ह्यूबर्ट सेसिल बूथ हे तरुण अभियंता होते. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या इतिहासात पुढे त्यांचे नाव येते. लंडनचे अर्ल्स कोर्ट येथील १८९५ चे चक्र पुढे पाडण्यात आले. व्हिएन्नात १८९७ मध्ये उभारलेले सुमारे ६५ मीटर उंचीचे चक्र अजूनही फिरते. हेन्रींचा आटे पाडणारा लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.