ओल्या ट्रॅकवर उष्णतेचा दुष्काळ

मोटोजीपी या मोटरसायकलींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेच्या शर्यतीत प्रत्येक स्वारासाठी दोन मोटरसायकली तयार असतात; त्यामुळे एक बंद पडली तर दुसरी घेऊन निघावे, इतके हे प्रकरण सोपे वाटते. पण शुक्रवारच्या सरावात इंजिन अडखळू लागले की स्वाराचे खरे नुकसान होते ते फेऱ्यांचे. दुपारच्या तासाभराच्या सरावात पहिल्या दहांत येणाऱ्यांनाच, शर्यतीच्या सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीच्या अंतिम टप्प्यात थेट प्रवेश मिळतो आणि त्या तासातली वीस मिनिटे मेकॅनिकांच्या हाताखाली गेली, तर वेगवान फेरीही जाते आणि टायर, सस्पेन्शन, ब्रेक यांची ताळमेळ जुळवणीही अर्धवट राहते. बिघाडाचे कारण अनेकदा अगदी क्षुल्लक असते. मिनिटाला 18,000 फेरे घेणारे इंजिन सेकंदाला 300 वेळा फिरते, दोन फेऱ्यांमागे एकदाच ठिणगी लागणाऱ्या चार-स्ट्रोक रचनेमुळे त्याच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 150 वेळा ठिणगी पडते, आणि त्या कंपनांत एखाद्या सेन्सरची जोडणी जराशी सैल झाली, तरी चुकीचा आकडा मिळालेला नियंत्रक संगणक इंजिनाची शक्ती रोखून धरतो.

अशा अपुऱ्या तयारीनिशी स्वार शनिवारी उठतो, तेव्हा बाहेर पाऊस असतो.

ओल्या रस्त्यावर गाडी घसरते हे सांगायला विज्ञान लागत नाही, पण किती फरक पडतो हे पाहण्यासारखे आहे. वळणावर मोटरसायकल किती कलते हे तिचा वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरते, आणि ती किती कलू शकते हे टायरच्या पकडीवरून. टायरची रुंदी आणि आतल्या बाजूला झुकलेले स्वाराचे शरीर क्षणभर बाजूला ठेवले, तर 50 मीटर त्रिज्येच्या वळणात 60 अंशांचा कल म्हणजे ताशी सुमारे 105 किलोमीटरचा वेग, आणि 45 अंशांचा कल म्हणजे ताशी सुमारे 80. कोरड्या ट्रॅकवर मोटोजीपीचे स्वार 60 अंशांच्याही पलीकडे कलतात. पावसात ते धाडस करता येत नाही.

रबराची पकड दोन मार्गांनी निर्माण होते. एक म्हणजे रबराचे रेणू डांबराच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दुसरा मार्ग असा, की खडबडीत खड्यांवरून जाताना रबर दबते, पुन्हा फुगते आणि या उलाढालीत थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते, व तेच घर्षण म्हणून कामी येते. पाण्याचा पातळ थर पहिला मार्ग जवळजवळ बंद करतो. उरतो दुसरा, आणि तो नीट चालण्यासाठी रबर मऊ राहायला हवे. कोरड्या ट्रॅकसाठीचे गुळगुळीत टायर सुमारे 100 अंश सेल्सियसच्या आसपास काम करतील अशा मिश्रणाचे बनवलेले असतात. पाणी ही उष्णता सतत शोषून घेते, रबर कडक होते, आणि कडक रबर खड्यांच्या फटींत शिरत नाही. पावसाळी टायरला पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा असतात हे सर्वांना दिसते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्याचे मिश्रण, कारण ते कमी तापमानातही मऊ राहते. म्हणूनच ट्रॅक वाळू लागला की हाच टायर भराभर तापतो आणि त्याच्या खाचांमधले रबर झिजून फाटू लागते.

सस्पेन्शनचेही तसेच. पावसात ब्रेक हलक्या हाताने लावावा लागतो, पुढच्या चाकावर कमी भार येतो, आणि कोरड्यासाठी लावलेल्या ताठ स्प्रिंगा तेवढ्या बळाने पुरेशा दबत नाहीत. मग स्वाराला टायर जमिनीला किती टेकला आहे याचा अंदाजच येत नाही. म्हणून मेकॅनिक स्प्रिंगा मऊ करतात. शुक्रवारच्या फेऱ्या बुडालेल्या स्वाराकडे मात्र कुठून किती मऊ करायचे याचा आधारच नसतो.

सर्वांत हट्टी भाग ब्रेकचा. मोटोजीपीत कार्बनच्या डिस्क वापरतात. त्या सुमारे 200 अंशांच्या खाली नीट पकडत नाहीत आणि त्यांचे खरे काम त्याहून बऱ्याच वरच्या तापमानात चालते. पावसात ब्रेक कमी लागतो, म्हणजे उष्णता कमी निर्माण होते, आणि चाकावरून उडणारे पाणी आहे तीही काढून नेते. पूर्वी पाऊस आला की कार्बन काढून पोलादी डिस्क बसवणे हाच मार्ग असे. पुढे कार्बन डिस्कवर आवरणे घालून तिची उष्णता राखण्याची पद्धत आली.

बिघाड आणि पाऊस यांची एक विचित्र गाठ नियमांतही आढळते. सर्किट शर्यतींच्या अनेक नियमावल्यांनुसार इंजिनाखालचे आवरण बंद तबकासारखे असावे लागते, म्हणजे इंजिन फुटले तरी तेल मागच्या स्वारांच्या वाटेत सांडू नये. याच हेतूने रेडिएटरमध्येही साध्या पाण्याशिवाय दुसरे शीतक चालत नाही, कारण गोठणरोधक द्रव सांडला तर रस्ता निसरडा होतो. पण पावसात तेच तबक पाण्याने भरते, म्हणून त्याच्या तळाशी भोके ठेवलेली असतात. ती कोरड्यात बंद आणि ओल्यात उघडी. तेल गळणाऱ्या गाडीला काळ्या झेंड्यावर नारिंगी वर्तुळ आणि स्वाराचा क्रमांक दाखवून ट्रॅकबाहेर काढतात, आणि पावसात हा इशारा अधिकच गंभीर ठरतो, कारण पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग डोळ्यांना सहज दिसत नाही.

शर्यत चालू असतानाच पाऊस आला, तर 2005 पासूनच्या नियमानुसार ती न थांबवता स्वार पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघांच्या दुरुस्तीच्या जागेत, येऊन ओल्यासाठी तयार ठेवलेल्या दुसऱ्या मोटरसायकलवर बसू शकतात. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंडला अशी गाडी बदलण्याची वेळ आली आणि मार्को मेलांद्री जिंकला. ज्याची दुसरी मोटरसायकल आधीच नादुरुस्त आहे, त्याच्यासाठी या सवलतीला फारसा अर्थ उरत नाही.

गाडी न बदलण्याचा जुगारही कधी साधतो. ऑगस्ट 2021 मध्ये ऑस्ट्रियातील रेड बुल रिंगवर शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पाऊस वाढला, आघाडीचा गट गाड्या बदलायला पिटमध्ये वळला, आणि केटीएमवरचा ब्रॅड बाइंडर गुळगुळीत टायरांवरच पुढे निघाला. प्रत्येक फेरीगणिक टायर आणि कार्बनचे ब्रेक थंड होत होते आणि त्यांना पुन्हा तापवण्याइतका वेग घेणे अशक्य होत चालले होते. ट्रॅकची हद्द ओलांडल्याबद्दल त्याला तीन सेकंदांचा दंडही झाला, तरी टायर आणि ब्रेक पुरते निकामी होण्याआधी फेऱ्या संपल्या आणि तो पहिला आला.